कापलेल्या अ‍ॅक्सलचा तुकडा

भोकरकडच्या त्या काळी-पिवळी जीपचं प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत यापेक्षा मोठे गुन्हे हाताळले. दरोडे झाले, खून झाले, सणासुदीचे बंदोबस्त तर मोजायचेच नाहीत. पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की आधी हीच आठवते. यातली माणसं हयात आहेत आणि त्याच मुलखात राहतात, म्हणून कुणाचंही नाव घेणार नाही.

भोकरच्या बाजूच्या एका ठाण्यात प्रभारी म्हणून माझी बदली झाली तेव्हा निवृत्ती जवळ आली होती. गुडघे दुखत होते, रक्तदाबाची गोळी सुरू होती, आणि नवीन ठाण्यात जाऊन पुन्हा सगळी माणसं ओळखून घ्यायची हौस उरली नव्हती. तरी चार्ज घेताना जे करावं लागतं ते केलं. हत्यारं, मुद्देमाल, कोठडी पाहिली आणि प्रलंबित गुन्हे वाचायला बसलो. पहिल्याच दिवशी, रिवाजाप्रमाणे, परिसरातली वजनदार माणसं शाल-नारळ घेऊन भेटायला आली. त्यांत एक जीपमालक होता. बागायती जमीन, पांढरे कपडे, बोलणं गोड. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला तेव्हा लक्षात आलं की डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. मी नजर टाकताच तो म्हणाला, "कडबा कटरमध्ये गेलं साहेब, लहानपणी." जाता जाता म्हणाला, "आमच्या गाडीचं तेवढं बघा."

त्याच्या गाडीची फाईल प्रलंबित गुन्ह्यांत होतीच. भादंवि कलम ४०८, नोकराने केलेला विश्वासघात. त्याच्या फिर्यादीनुसार त्याचा ड्रायव्हर सकाळी भोकरला प्रवासी भरायला म्हणून जीप घेऊन गेला आणि परत आलाच नाही. जीपही गेली, ड्रायव्हरही गेला. गुन्हा दाखल होऊन दोन वर्षं उलटून गेली होती. आरोपी फरार.

फरार आरोपीच्या घरी अधूनमधून पोलीस पाठवायचे असतात. तसे इथेही जात होते. हवालदार जायचे, बायकोला विचारायचे, शेजाऱ्यांना विचारायचे आणि परत येऊन स्टेशन डायरीला नोंद करायचे की आरोपी मिळून आला नाही. यात चूक काहीच नाही, कामाची पद्धतच ती आहे. मी नवीन होतो म्हणून एकदा स्वतः गेलो.

गावाच्या कडेला पत्र्याचं घर. भर दुपारी दार आतून लावलेलं. हवालदारानं कडी वाजवली तेव्हा तिशीतली एक बाई बाहेर आली. जवळच्या आश्रमशाळेत ती स्वयंपाकाला जायची. गणवेश बघून तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली नाही. कंटाळा दिसला.

"या. आत बघून घ्या," ती म्हणाली. "पलंगाखाली बी बघा. मागच्या खेपेला न्हाई बघितलं."

मी म्हटलं, "बाई, मी झडती घ्यायला आलो नाही. बसून बोलायचं आहे."

"बोलून काय व्हनार साहेब? माझा माणूस चोर न्हाई, हे मी लई वेळा बोलले. गाडीला जरा ओरखडा पडला तर त्याला रातभर झोप येत नव्हती. त्यो गाडी चोरून कुठं जाईल?"

"मग गेला कुठे?"

"ते तुमी सांगायचं. मी मिसिंग द्यायला आले तर ठाण्यातले म्हणले, त्यो हरवलेला न्हाई, त्यो फरार हाय. हरवला म्हणून लिहून घेत न्हाईत, आन् चोर म्हणून रोज हुडकत येतेत. पोरीला शाळेत चोराची पोर म्हणतेत. मी काय करू?"

मी कामाचं विचारलं. जीपचा नंबर, रंग, मॉडेल फिर्यादीत होतंच. पण नंबर प्लेट काढून टाकायला किती वेळ लागतो? मी विचारलं, "त्या जीपवर एखादी खूण होती का? दुसऱ्या कुणाला माहीत नसेल अशी?"

तिनं थोडा विचार केला.

"नाल हाय," ती म्हणाली.

"कसली नाल?"

"घोड्याची. मालकाला गाडीवर लिंबू-मिरची, काळी बाहुली काईच चालत नव्हतं. माळेगावच्या जत्रेत मी नाल घेतली. यांनी ती मागच्या दोन चाकांच्या मधात जो लोखंडी नळा असतो नं, त्याला खालून वेल्डिंग करून चिटकवून घेतली. म्हणले, मालकाला दिसायची न्हाई, आन् देवाला दिसल्याबिगर ऱ्हायची न्हाई." बोलताना तिच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा हसू आलं. "एक टोक झिजून आखूड झालंय तिचं. आन् एका भोकात जुना खिळा तसाच अडकलाय."

तिचा पुरवणी जबाब नोंदवून घेतला. परत येताना हवालदार म्हणाला, "साहेब, नालेवरनं काय जीप सापडणार?" मलाही तसंच वाटत होतं. चोरीची अख्खी जीप दोन वर्षं रस्त्यावर चालली तर कुठे ना कुठे अडकतेच. अडकली नाही याचा अर्थ ती कापली गेली असणार. आणि कापलेली जीप म्हणजे भंगार. भंगारात कोण कशाला ओळखतो?

खबर आली ती नांदेडच्या एका भंगारवाल्याकडून. हा माझा जुना खबऱ्या. खबरे कायद्याच्या प्रेमापोटी खबर देत नाहीत. खबर आली की ती खरी आहे का हे नंतर, आधी मी बघायचो की हा आज कुणावर चिडलेला आहे. त्या दिवशी तो लातूर जिल्ह्यातल्या एका कारागिरावर चिडला होता.

"साहेब, शिरूर अनंतपाळकडं एक जण हाय. जुन्या जीपा घेऊन अरुंद ट्रॅक्टर बनवून राहिला. आम्हाला बाजूला सारून माल डायरेक्ट घेतो. कागद न्हाई, पत्तर न्हाई. एकदा जाऊन तर बघा."

आमच्या हद्दीतल्या आणखीही एक-दोन गाड्यांचा पत्ता लागत नव्हता. वरिष्ठांची परवानगी घेतली, हद्दीबाहेर जात असल्याची डायरीला नोंद केली, लातूरच्या बाजूला पोहोचल्यावर तिथल्या ठाण्याला कळवून त्यांचा एक माणूस आणि दोन पंच सोबत घेतले. सकाळी दहा-अकराच्या सुमारास आम्ही त्या शेडसमोर उभे होतो.

रस्त्याकडेची साधी पत्र्याची शेड. आत एक अर्धवट तयार ट्रॅक्टर, लहान मुलाच्या खेळण्यासारखा अरुंद. कारागीर चाळिशीचा, आयटीआय झालेला, शेतकऱ्याच्या घरातला. पोलीस बघून दचकला, पण पळाला नाही. मी लगेच कागद मागितले नाहीत. विचारलं, "हे एवढं अरुंद कशाला?"

"साहेब, सोयाबीनच्या, हळदीच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात न्हाई. पीक तुडवतो. बैल आता कुणाकडं ऱ्हायले? म्हणून ही गाडी. जीपचं इंजिन, जीपचाच मागचा अ‍ॅक्सल. फक्त त्याला बारीक करायचं."

"म्हणजे?"

त्यानं जमिनीवर पडलेला एक अ‍ॅक्सल दाखवला. मधोमध फुगीर गोळा, त्यात गिअरची चाकं. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळे, आणि नळ्यांच्या आतून जाणारे, चाकं फिरवणारे शाफ्ट. त्याची रीत अशी होती की दोन्ही नळे गोळ्याजवळ कापायचे, मधला तुकडा काढून टाकायचा आणि उरलेली टोकं पुन्हा जोडायची. जोडताना आतून एक सरळ दांडा घालून ठेवायचा, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेनं नळा वाकडा होत नाही. वाकडा झाला तर बेअरिंग टिकत नाही. मग शाफ्ट लांब पडतात, तेही कापायचे, आणि कापलेल्या टोकाला लातूरच्या लेथवाल्याकडून नवीन दाते पाडून घ्यायचे.

"काही जण शाफ्ट मधातच कापून वेल्डिंग मारतेत," तो म्हणाला. "सस्त्यात होतंय. पण ढेकळात चाक अडकलं की तुटलाच समजा. मी तसलं काम करत न्हाई."

मी त्याला बोलू दिलं. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस सावध राहत नाही. तो बोलत होता आणि मी शेडमध्ये नजर फिरवत होतो. कापून काढलेले नळ्याचे तुकडे इकडेतिकडे पडलेले होते. एक दाराला टेकू म्हणून लावलेला, दोन-तीन पाण्याच्या माठाखाली. वेल्डिंग मशीनच्या वर, खिळ्याला तारेनं बांधून, आणखी एक तुकडा टांगलेला होता. त्याला काहीतरी चिकटलेलं होतं.

"ते काय आहे?"

"ते होय? एका अ‍ॅक्सलला नाल चिटकवलेली होती साहेब. कापताना तेवढाच भाग निघाला. शुभ असते म्हणून फेकली न्हाई."

माझ्यासोबत त्या बाईच्या घरी आलेला हवालदार पुढे झाला, तुकडा खाली काढला, उलटसुलट करून बघितला आणि माझ्या हातात दिला. नालेचं एक टोक झिजून आखूड झालेलं होतं. एका भोकात गंजलेला खिळा अडकलेला होता.

अ‍ॅक्सल जसाच्या तसा वापरला असता तर ती नाल कुठल्यातरी शेतात चिखलाखाली राहिली असती आणि आम्हाला कधीच दिसली नसती. तो अरुंद केला म्हणूनच नेमका तो तुकडा बाहेर आला. पंचांसमक्ष पंचनामा केला, तुकडा कापडात बांधून सील केला आणि कारागिराला स्थानिक ठाण्यात आणून बसवलं.

तिथे त्याची पहिली तऱ्हा सगळ्यांसारखीच. आठवत नाही. लई गाड्या येतात. कोण कधी देऊन गेलं काय सांगू? मी आवाज चढवला नाही. चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर म्हटलं, "हे बघ, मी जीपसाठी आलेलो नाही. या जीपचा ड्रायव्हर दोन वर्षांपासून कुणाला दिसलेला नाही. त्याची शेवटची निशाणी तुझ्या शेडमध्ये टांगलेली मिळाली. आता तूच विचार कर."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"साहेब, माणसाचं मला काईच ठाऊक न्हाई. देवाशप्पथ. गाडी तर चालत आलती. मालकानं स्वतः आणली."

"कोण मालक?"

"नाव न्हाई विचारलं. माझी चूक झाली, कागद बी न्हाई बघितले. म्हणला, माझीच गाडी हाय, पासिंग संपलंय, कापून टाक. पांढरे कपडे होते. आन् साहेब, त्याचं एक बोट अर्धं होतं. डाव्या हाताचं."

परतीच्या रस्त्यावर सगळ्यांच्या मनात एकच होतं. मालकानं स्वतः जीप नेऊन कापली, वर फिर्याद दिली की ड्रायव्हर जीप घेऊन पळाला. मग ड्रायव्हर कुठे असेल? अशा वेळी पोलिसाच्या डोक्यात विहिरी येतात, नाले येतात, उसाचे फड येतात.

त्याआधी वस्तूची ओळख पटवणं भाग होतं. माळेगावकडच्या एका नालबंदाकडून तशाच जुन्या नाला आणवल्या, गावातल्या वेल्डरकडून त्या पाइपाच्या तुकड्यांवर चिकटवून घेतल्या आणि पंचांसमोर सगळ्या एका ओळीत मांडल्या. बाईला बोलावलं. तिनं ओळीवरून हात फिरवलासुद्धा नाही. सरळ आपल्या नालेजवळ गेली आणि दोन्ही हातांनी तो तुकडा उचलला.

"हीच," ती म्हणाली.

पंचांनी सह्या केल्या. ती तुकडा खाली ठेवायला तयार नव्हती. मग हळूच म्हणाली, "साहेब, नळा तर कापलेला हाय. म्हंजे गाडी कापली. मग त्यो कुठं हाय?"

"शोधतो आहोत."

"मेलाय का?"

मी म्हटलं, "अजून काही माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. पण मला काय वाटत होतं ते तिनं माझ्या तोंडावर वाचलं असावं. मुद्देमाल म्हणून तो तुकडा तिच्या हातातून काढून घ्यावा लागला. ते काम मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

मालकाला "तुमच्या जीपचा तपास लागतोय, या" असा निरोप दिला. तो इस्त्रीचे कपडे घालून आला. मी त्याला पुन्हा सगळी हकीकत विचारली. त्यानं फिर्यादीत होती तीच वाक्यं, त्याच क्रमानं सांगितली. खरी आठवण अशी येत नाही. खरं सांगणारा माणूस मागेपुढे होतो, मध्येच थांबून आधीचं दुरुस्त करतो. मी त्याला मधूनच विचारायला लागलो. जीपमध्ये डिझेल कोण भरायचं? त्या दिवशी चावी कुणी दिली? गाडी परत आली नाही हे कळल्यावर पहिला फोन कुणाला केला? तो अडखळायला लागला.

कारागिराला मी बाहेरच्या बाकावर, दारातून दिसेल असा बसवला होता. बोलता बोलता मालकाची नजर तिकडे गेली. त्यानं पाणी मागितलं. पाणी प्यायला, पुन्हा मागितलं.

मी म्हटलं, "जीप कुठे आहे ते आम्हाला कळलं. ड्रायव्हरची बॉडी कुठे टाकली तेवढं सांगा."

तो खुर्चीतून उठलाच.

"बॉडी? कसली बॉडी? न्हाई साहेब! त्यो जिता हाय! आईशप्पथ, जिता हाय त्यो!"

नोकरीत मी अनेकांना कबुली देताना पाहिलं. माणूस जिवंत असल्याची कबुली देणारा हा एकच.

त्यानं सांगितलं ते असं. त्या दिवशी सकाळी नव्हे, तिन्हीसांजेला, परत येताना एका गावाजवळ शेळ्या घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला जीपची धडक बसली. ड्रायव्हर थांबला, म्हाताऱ्याला कडेला घेतलं, पाणी पाजलं. तेवढ्यात गावाकडून लोक ओरडत पळत येताना दिसले. आपल्याला मारतील या भीतीनं तो गाडी घेऊन निघाला आणि सरळ मालकाच्या मळ्यात आला. जीपचं पासिंग संपलेलं होतं, विमा संपलेला होता. जबाबदारी मालकाच्या अंगावर येणार होती. मालक त्याला म्हणाला, तू इथेच थांब, मी चौकशी करून येतो. चौकशी त्यानं केलीच नाही. थोडा वेळ बाहेर काढून परत आला आणि म्हणाला, म्हातारा मेला.

"मग काय सांगितलं त्याला?"

"म्हणलं, गाव तुला हुडकायलंय. जन्मठेप होईल. धर्माबादकडून पलीकडं निघून जा. तेलंगणात माझ्या वळखीची तांदळाची गिरणी हाय, तिथं ऱ्हा. फोन करू नको, पोलीस फोनवरनं पकडतेत. घरच्याकडं मी बघतो म्हणलं."

"बघितलं?"

"न्हाई साहेब."

"आणि फिर्याद कशाला दिली?"

"उद्या कुणी गाडीचा नंबर सांगितला असता तर? गाडी माझ्याकडं न्हाईच, असं पाहिजे होतं साहेब."

"म्हातारा जिवंत आहे हे कधी कळलं?"

"म्हयनाभरात."

"मग त्याला बोलावून का नाही घेतलं?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "तवर फिर्याद दिलती ना साहेब."

या उत्तरावर मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसता कंटाळा आला. माणूस काही राक्षस नव्हता. एक खोटं बोलला आणि ते निस्तरायची वेळ आली तेव्हा त्याला आपली गैरसोय मोठी वाटली.

शेजारच्या ठाण्यात चौकशी केली. अज्ञात वाहनाविरुद्ध कलम २७९ आणि ३३८ चा गुन्हा नोंदलेला होता. वाहन मिळून न आल्यानं 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा अहवाल, मंजूर होऊन तो बंदही झाला होता. ३३८ म्हणजे निष्काळजीपणानं गंभीर दुखापत. जामीनपात्र. ड्रायव्हर त्या संध्याकाळी ठाण्यात आला असता तर जामीन देऊन घरी जेवायला गेला असता.

म्हातारबांना भेटायला गेलो. लिंबाखाली बसून शेळ्या राखत होते. पाय जरा ओढत चालायचे, बाकी ठणठणीत.

"त्या पोराला काई करू नका," ते म्हणाले. "माझ्या डोक्याखाली आपला टावेल घडी करून ठेवला त्यानं. आमचेच लोक बोंबलत आले, म्हणून भ्यालं लेकरू."

मग आम्ही धर्माबादमार्गे तेलंगणात गेलो. तिथल्या ठाण्याला कळवलं, त्यांचा शिपाई सोबत घेतला. गिरणीच्या आवारात भुशाचे ढीग, बॉयलरची वाफ, सगळीकडे भिजलेल्या भाताचा वास. ड्रायव्हर बॉयलरजवळ भुसा टाकत होता. वाळलेला, दाढी वाढलेली, मुकादमाशी तेलुगूत बोलत होता. आम्हाला बघून त्यानं फावडं खाली ठेवलं आणि हात पुसून समोर आला. पळण्याचा विचारसुद्धा दिसला नाही. उलट सुटल्यासारखा दिसला.

"चला साहेब," तो म्हणाला. मग म्हणाला, "एक विचारू का? त्या म्हातारबाच्या घरी कोन कोन हाय? त्यांचं कसं चाललंय?"

मी म्हटलं, "तो म्हातारा जिवंत आहे. परवाच भेटून आलो. शेळ्या राखतोय."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग आमच्या हवालदाराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. हळूहळू खाली भुशावर बसला.

"जिता हाय?"

"हो. पाय मोडला होता. बरा झाला."

"मग," तो म्हणाला, "मग मी हितं काय करून राहिलो?"

हवालदारानं त्याला हात देऊन उठवलं.

येताना गाडीत त्यानं सांगितलं की एकदा न राहवून तो धर्माबादपर्यंत आला होता. बाजारात गावचाच एक जण दिसला. त्याला विचारलं, माझ्या घरी कसं हाय? तो म्हणाला, बाबा, पोलीस येऊन ऱ्हायलेत तुझ्या घरी, दर महिन्याला. हे ऐकून त्याला वाटलं, मालक म्हणतो ते खरं आहे, खुनासाठीच आपल्याला शोधताहेत. तो तिथूनच मागे फिरला. गावकऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. पोलीस येतच होते. फक्त कशासाठी येतात ते त्यानं सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही.

ठाण्यात बायको मुलीला घेऊन आधीच येऊन बसली होती. मला वाटलं होतं रडारड होईल, म्हणून महिला शिपायाला जवळ थांबायला सांगितलं. तो आत आला. मुलगी आईच्या मागे सरकली, वाढलेल्या दाढीत तिनं त्याला ओळखलं नाही. बाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"जेवलाव का?" तिनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तोच रडायला लागला. ती त्याच्याजवळ गेली नाही. रडत रडत तो काय घडलं ते सांगत होता, तो थांबेपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्याकडं पोलीस येतेत म्हणून तुमी आला न्हाईत," ती म्हणाली. "आन् तुमी आला न्हाईत म्हणून माझ्याकडं पोलीस येत होते. दोन वर्षं म्या ह्यांना दार उघडलं. तुमच्या मालकाला विचारायला गेले तर त्यानं मलाच चोराची बायको म्हणून हाकलून लावलं. एवढ्यात तुमाला येकदा बी वाटलं न्हाई का, की बायकोला विचारून बघावं?"

ती माझ्याकडे वळली.

"साहेब, तुमच्या कागदात काय लिहायचं ते लिहा. पण गावात येऊन सांगा. चोर म्हणून तुमची गाडी गावात येत होती, सगळ्यांनी बघितलंय. आता त्याच गाडीतनं या आन् सगळ्यांसमोर सांगा."

असं करायची काही तरतूद नाही. कागदोपत्री गुन्ह्याला 'ब' समरी, म्हणजे फिर्याद खोटी, असा अहवाल कोर्टात जातो आणि संपतं. पण मी गेलो. मारुतीच्या देवळासमोर, पारावर माणसं असताना, उभा राहून सांगितलं की हा माणूस चोर नाही, याच्यावरची फिर्याद खोटी निघाली. चार-पाच वाक्यंच बोललो असेन. लोकांनी माना डोलवल्या. एक जण म्हणाला, "आमाला ठाऊकच होतं साहेब. त्यो तसा न्हाईच." दुसरा म्हणाला, "हाव, आमी पैल्यापासून म्हणत होतो." बाई बाजूला उभी होती. तिनं त्या दोघांकडे बघितलं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मालकाविरुद्ध खोटी फिर्याद दिल्याबद्दल कलम १८२, २११ प्रमाणे कारवाई सुरू झाली, तो जामिनावर सुटला, तारखा पडत राहिल्या आणि मी निवृत्त झालो. कारागिराला साक्षीदार केलं, आणि बिनकागदाचा माल घेतल्याबद्दल जे व्हायचं ते झालं. अपघाताचा गुन्हा पुन्हा उघडावा लागला. म्हातारबांनी कोर्टात ड्रायव्हरच्या बाजूनं सांगितलं, दंडावर भागलं. ड्रायव्हर पुन्हा गाडीवर बसला नाही. बायकोच्या ओळखीनं आश्रमशाळेत पाण्याच्या टाकीचं काम बघायला लागला, असं ऐकलं. मुलगी त्याला कधी 'बाबा' म्हणायला लागली ते मला माहीत नाही.

त्यानंतर जेवढी नोकरी उरली होती तेवढ्यात कुठल्याही फाईलवर 'फरार' हा शब्द दिसला की मी हाताखालच्या लोकांना आधी एक विचारायचो: आपण नेमकं कशापासून पळतोय, असं या माणसाला वाटतंय? आपण त्याला ज्यासाठी शोधतो ते आणि तो ज्याला भितो ते एकच असेल असं नाही. एवढं एक मी या प्रकरणातून शिकलो.

त्या दिवशी पारावरून निघताना बाई आमच्या गाडीपर्यंत आली. मला वाटलं आभार मानेल.

"आता तुमचे लोक यायचे न्हाईत नं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता काही काम नाही."

"येऊ बी नका," ती म्हणाली, आणि परत फिरली. आवाजात राग नव्हता. नोकरीत पुष्कळांनी मला आशीर्वाद दिले, हार घातले, निरोपाला भाषणं झाली. ते सगळं आता पुसट झालंय. तिचं हे एवढंच बोलणं मला चांगलं म्हणून आठवतं. तिला पोलिसांकडून आणखी काही नको होतं, आणि तेवढं तरी आम्ही देऊ शकलो.